पांढरे भाऊसाहेबांच्या टाचण्या

आमच्या शाळेचे क्लार्क पांढरे भाऊसाहेब यांच्या शर्टाच्या कॉलरला कायम सात-आठ टाचण्या टोचलेल्या असायच्या. दुसऱ्यांच्या खिशाला पेन असतो, यांच्या कॉलरला टाचण्या. लांबून बघणाऱ्याला वाटावं, शिंप्याकडं माप देता देता माणूस मधूनच उठून आलाय. निवृत्तीच्या दिवशी मुख्याध्यापकांनी गहिवरून त्यांना मिठी मारली आणि "आई गं!" म्हणून मागं सरले. समोर बसलेल्यांना वाटलं, सरांना रडूच फुटलं. बायांनी पदर डोळ्यांना लावले.

या टाचण्या कशाला, ते आधी सांगते.

दहावी झाली की मुलांना शाळा सोडल्याचा दाखला मिळतो. तो घेऊन अकरावीला कॉलेजात जायचं. दाखल्यावर 'वर्तणूक' असा एक रकाना असतो आणि त्यात सगळ्यांचं 'चांगली' लिहितात. भाऊसाहेबांना या रकान्याचा फार राग.

"साठ लेकरं, आन साठच्या साठ चांगली?" ते म्हणायचे. "मग तिकडच्या माणसानं वळखायचं कोणाला, आन कसं?"

म्हणून प्रत्येक दाखल्याच्या मागं ते टपोऱ्या अक्षरात एक चिठ्ठी लिहून टाचणीनं लावायचे. चिठ्ठीत त्या मुलाची खोड. खोड हा त्यांचाच शब्द. वाईट अर्थानं नाही. त्यांचं घर सिल्लोडकडच्या धनगरांचं. त्यांचे वडील बाजारात मेंढरू विकायचे तेव्हा गिऱ्हाईकाला आधी त्याची खोड सांगायचे. ही पाण्याला भिते, हिला कळपाच्या मधी चालवा. हा डावीकडं वळतो, काठी उजव्या हातात धरू नका. खोड न सांगता जनावर दिलं तर ते नव्या ठिकाणी टिकत नाही आणि पाप आपल्याला लागतं, असं वडिलांचं म्हणणं. भाऊसाहेबांनी मेंढरं सोडली, पण ते म्हणणं काही सोडलं नाही.

मी चिकलठाण्याच्या याच शाळेत खिचडी शिजवते. भाऊसाहेबांच्या ऑफिसची मागची खिडकी माझ्या शेडकडं उघडते. मी बोलते कमी, त्यामुळं मी तिथं आहे हे लोक विसरतात. म्हणून मला सगळ्यांचं सगळं माहीत असतं. चिठ्ठी लिहून झाली की भाऊसाहेब ती मोठ्यानं वाचून बघायचे, आणि मी डाळ धुता धुता ऐकायचे.

"आकाश. खोटं बोलताना डावा कान खाजवतो. बाकी वर्तणूक चांगली."

"निकिता. एकदा 'समजलं' म्हणाली म्हणजे समजलं. दोनदा म्हणाली म्हणजे नाही."

"समीर. याला पुढच्या बाकावर बसवू नये. मागं बसून खिडकीबाहेर बघतो, पण ऐकतो. विचारून बघा."

"गणेश. काही झालं तर वडिलांना बोलावू नये. मोठ्या बहिणीला बोलावावं. कारण विचारू नये."

पहिल्या वर्षी कॉलेजातून फोन आला. आमची बरीच मुलं क्रांती चौकाजवळच्या एका कॉलेजात जातात, तिथून. तिथल्या ऑफिसातल्या माणसाच्या बोटाला टाचणी टोचली होती, त्यामुळं तो आधीच तापलेला.

"ही काय तक्रार आहे का? मग मुलांना दाखले कशाला दिले?"

"तक्रार नाय, खोड हाय," भाऊसाहेब म्हणाले.

"आम्ही काय करायचं हिचं?"

"वाचायचं."

त्यानं फोन आपटला. महिनाभरानं तिथूनच दुसरा फोन आला. या वेळी काझी मॅडम होत्या. अकरावीचं सगळं त्याच बघतात. त्यांचा आवाज एवढा मोठा की फोनमधून माझ्या चुलीपर्यंत यायचा.

"भाऊसाहेब, तुमचा तो कानवाला पकडला बघा! म्हणे, मॅडम, मी कॅन्टीनला नव्हतो. आणि हात कानाला! मी तर हसून हसून बेजार. ये चिठ्ठी का आयडिया एकदम सही आहे हो!"

तेव्हापासून दोघांचं जमलं. मॅडम इकडं उलट चिठ्ठ्या पाठवू लागल्या. एका चिठ्ठीत होतं, 'तुमचा आकाश हुशार झाला. आता उजवा कान खाजवतो.' भाऊसाहेबांनी ती चिठ्ठी टेबलाच्या काचेखाली ठेवली, पोराला पारितोषिक मिळाल्यासारखी.

दहावीची परीक्षा संपली की भाऊसाहेब पोरांना सिटी बसनं कॉलेज दाखवायला न्यायचे. मॅडम प्रयोगशाळा उघडून उभ्या असायच्या. पण भाऊसाहेब आधी तिकडं जाऊच द्यायचे नाहीत.

"आधी पाणी कुठं हाय आन संडास कुठं हाय ते बघा. फिजिक्स कुठं पळून जात नाय."

पोरी तोंडाला रुमाल लावून हसायच्या. पण मला ते बोलणं पटायचं. नव्या ठिकाणी बाईमाणसाला हे दोनच प्रश्न पडतात आणि तेच विचारता येत नाहीत. आमच्या गल्लीतली एक मुलगी आधी कॉलेज सोडून घरी बसली होती. लोक म्हणाले, अभ्यास झेपला नाही. ती मला म्हणाली, मावशी, तीन दिवस मला बाथरूमच सापडलं नाही.

कॉलेज सुरू झालं की दर शनिवारी अकरा वाजता भाऊसाहेब मॅडमना फोन लावायचे. नमस्कार-चमत्कार काही नाही.

"माझी किती आली?"

"सगळी."

"बरं." ठेवला फोन. मग चहा. सगळी आली नसतील तर चहा नाही. चौकशी.

माझी दीपाली दहावी झाली त्या वर्षीची गोष्ट आता सांगते.

दीपाली माझ्यावर गेली आहे. घरात बोलते, बाहेर गप्प. तिच्या पप्पांनी कॉलेजला हो म्हणावं म्हणून मी दोन महिने त्यांच्या मागं होते. ते इथल्याच एका कंपनीत कामाला आहेत. स्वभावानं वाईट नाहीत, पण त्यांच्या बहिणीनं दीपालीसाठी स्थळ आणलं होतं आणि ते त्यांच्या मनात भरलं होतं. शेवटी म्हणाले, "जाऊ दे. पण कॉलेजातून एक जरी बोलणं आलं, तर घरी बसंल. मग मला म्हणू नको." मी मान हलवली.

दाखला घ्यायला मीच गेले. भाऊसाहेबांनी रजिस्टरवर माझी सही घेतली आणि बोट दाखवून बजावलं, "कलाबाई, टाचणी काढायची नाय."

मी शेडमध्ये येऊन चिठ्ठी वाचली. मी चौथीपर्यंत शिकलेली आहे. हळू वाचते, पण वाचते. लिहिलं होतं:

'दीपाली. हजेरीला हिचा आवाज येत नाही. नाव घेतल्यावर तोंडाकडे बघावं. मान वर करते, तेच तिचं उत्तर. काही विचारलं तर चार वेळा गप्प बसते, पाचव्यांदा बरोबर सांगते. तोवर थांबावं.'

एवढ्या मोठ्या कॉलेजात हे वाचतील आणि म्हणतील, ही मुकी का काय? दुसऱ्यांच्या लेकरांच्या चिठ्ठ्या ऐकून मी डाळीत तोंड घालून हसले होते. माझ्या लेकीची वाचून मला रडू आलं. मी टाचणी काढली. चिठ्ठी फाडायचा धीर झाला नाही. घडी करून घरी नेली आणि हळदीच्या डब्यात तळाशी ठेवली. माझ्या घरात हळदीच्या डब्यात माझ्याशिवाय कुणी हात घालत नाही.

कॉलेज सुरू झालं. दीपाली रोज सकाळी डबा घेऊन जायची, दुपारी तीनला यायची. कसं आहे विचारलं की म्हणायची, बरं आहे. मी निर्धास्त होते.

पहिला शनिवार आला. अकरा वाजता खिडकीतून आवाज आला, "माझी किती आली?" मी तांदूळ निवडत होते. आज मॅडमचा आवाज माझ्यापर्यंत आला नाही. भाऊसाहेब म्हणाले, "असं व्हणार नाय, मॅडम. पुन्यांदा बघा." मग फोन ठेवला. चहा मागवला नाही.

ते उठून माझ्या शेडमध्ये आले. चौदा वर्षांत पहिल्यांदा.

"कलाबाई, दीपाली घरी हाय का?"

"नाही. कॉलेजला गेलीय."

"रोज जाती?"

"रोज."

"तिथं सहाच्या सहा दिवस गैरहजर हाय." ते हळूच म्हणाले. "सोमवारी कॉलेज वडिलांच्या मोबाईलवर मेसेज टाकतं. आठवडाभर न येणाऱ्याचा."

माझ्या हातातलं सूप खाली पडलं. तांदूळ पसरले. पहिला विचार हा की पोरगी रोज डबा घेऊन जाते कुठं? दुसरा विचार तिच्या पप्पांचा. सोमवारी मोबाईल वाजला की दीपालीचं कॉलेज संपलं. पुढचं सगळं मला ठाऊक होतं. साडी कोणत्या रंगाची घेतील इथपर्यंत ठाऊक होतं.

"पदर नीट करा आन चला," भाऊसाहेब म्हणाले. "खिचडी आज दुसरी मावशी उतरवंल."

"थोडं घरी जाऊन येते," मी म्हणाले. घर शाळेच्या मागंच आहे. मी जाऊन हळदीचा डबा पालथा केला.

जालना रोडनं बस क्रांती चौकाकडं निघाली. बसमध्ये मी खिडकीशी, मधली जागा सोडून भाऊसाहेब. मला सांगायचं होतं आणि सांगता येत नव्हतं. दोन थांबे गेले, चार गेले. त्यांनी काही विचारलं नाही. शेवटी मी मूठ उघडून दाखवली. पिवळीधमक चिठ्ठी. मूठही पिवळी.

त्यांनी बघितलं. मला वाटलं, आता बोलतील. त्यांनी कॉलरवरची एक टाचणी काढली, बघितली आणि परत टोचून ठेवली.

"माझा बाप बाजारात खोड सांगायला लागला की माझी आय त्याला मागून चिमटा काढायची," ते म्हणाले. "म्हणायची, कशाला सांगता? गुणाची हाय ती. आयला आपलं मेंढरू बिनखोडीचंच दिसतंय, कलाबाई."

मग थोड्या वेळानं म्हणाले, "मला पण ल्हानपणी अशीच एक खोड होती. आठवीला मला सिल्लोडच्या वसतिगृहात ठेवलं. तीनदा पळून आलो. चालत. मास्तर म्हणले, पोराला शिकायचंच नाय. तर बाप स्वतः मला घेऊन गेला आन गुरुजींना म्हणला, शिकायचंय त्याला. पण मेंढराच्या घुंगराशिवाय झोप येत नाय त्याला. जन्मापासून त्यातच झोपलाय. गुरुजींनी काय करावं? खिडकीला एक घुंगरू बांधलं. वारा आला की वाजायचं." ते बाहेर बघत राहिले. "त्यांना कोणी सांगितलं नसतं तर मी आज मेंढरामागं असतो. मेंढरं वाईट नायत. पण दाखले कोणी लिहिले असते?"

कॉलेजच्या गेटापाशी माझे पाय थांबले. एवढी पोरं, एवढ्या गाड्या. भाऊसाहेब पुढं जाऊन परत आले. "आधी ते बघा. ती टाकी, पाण्याची. आन त्या कोपऱ्यात बायांचं बाथरूम. बघितलं?" मी मान हलवली. "झालं मग. आता कायबी भ्यायचं नाय." मी त्यांच्या मागं गेले.

काझी मॅडम आवाजावरून वाटल्या होत्या तेवढ्या मोठ्या नव्हत्या. बुटक्या, चष्मा नाकाच्या टोकावर. त्यांनी हजेरीचा कागद पुढं ठेवला. दीपालीच्या नावापुढं सहा फुल्या.

"ताई, मुलगी आजारी आहे का? नाही? मग कुठं जाते? कोणासोबत जाते? काही तरी बोला ना, ताई."

त्या विचारत होत्या आणि मी टेबलाच्या कडेकडं बघत होते. शेवटी मी चिठ्ठी टेबलावर ठेवली आणि पदर तोंडाला लावला.

मॅडमनी चिठ्ठी उघडली. त्यांना दोन शिंका आल्या. हळद सगळ्या टेबलावर. त्यांनी वाचलं. मग चिठ्ठी उलटी केली. मागच्या बाजूला काही लिहिलंय हे मला माहीतच नव्हतं. मी घाबरून तेवढंच वाचून घडी केली होती.

मॅडमनी ते मोठ्यानं वाचलं. "'हिची आई आमच्या शाळेत खिचडी शिजवते. तीही अशीच आहे. तिला कधी बोलावलं तर आधी पाणी द्यावं आणि मग विचारावं. विचारून झालं की गप्प बसावं. शाळेतली सगळ्यात शहाणी बाई आहे.'"

भाऊसाहेब भिंतीवरचं वेळापत्रक फार लक्ष देऊन वाचायला लागले.

"या अल्ला, मी तर सगळं उलटंच केलं," मॅडम म्हणाल्या आणि दाराकडं ओरडल्या, "काका, पानी लाओ! जल्दी!"

मी पाणी प्यायले. मॅडम खरंच गप्प बसल्या. त्यांना ते फार जड जात होतं, दिसत होतं. मग मी म्हणाले, "मॅडम, ती इथंच असेल. वर्गात बघा."

आम्ही तिघं वर्गाच्या दारात गेलो. शंभर-एक मुलं होती. मॅडमनी शिकवणाऱ्या सरांना खुणेनं थांबवलं आणि नाव घेतलं. कुणी बोललं नाही. पण चौथ्या बाकावर, भिंतीकडं, एक मान वर झाली. ओठ हलले.

माझी दीपाली. समोर वही, वहीत सहा दिवसांचं सगळं लिहिलेलं.

ती बाहेर आली आणि मला बघून पांढरीफटक पडली. मॅडमनी विचारलं, "बेटा, तू रोज येतेस तर हजेरीला बोलत का नाहीस?" आणि कमरेवर हात ठेवून थांबल्या. परत विचारलं. परत थांबल्या. भाऊसाहेब बोटांवर मोजत होते.

पाचव्यांदा दीपाली म्हणाली, "मी रोज म्हणते, मॅडम. 'यस सर' म्हणते. मला तर ऐकू येतं."

मॅडम एवढ्या हसल्या की शेजारच्या वर्गातून कुणी तरी डोकावलं. मीही हसले. हसता हसता मला खाली पायरीवर बसावं लागलं. सहा फुल्या मॅडमनी आमच्यासमोर खोडल्या आणि सही केली. दीपालीला पहिल्या बाकावर आणलं. तिच्या शेजारी आमच्याच शाळेतली निकिता बसवली, ती दोनदा 'समजलं' म्हणणारी. आणि सगळ्या सरांना सांगून टाकलं, या मुलीची हजेरी कानानं नाही, डोळ्यानं घ्यायची.

सोमवारी तिच्या पप्पांचा मोबाईल दिवसभर वाजला नाही. रात्री जेवताना ते म्हणाले, "कॉलेजचं बरं चाललंय वाटतं." मी म्हणाले, "व्हय." आणि त्यांना एक भाकरी जास्त वाढली. दीपाली आता बारावीला आहे. पहिल्या बाकावर बसून तिचा आवाज तिसऱ्या बाकापर्यंत जातो म्हणे. स्थळवाल्यांनी दुसरीकडं जमवलं.

यंदा भाऊसाहेब निवृत्त झाले. शाल, श्रीफळ, भाषणं, आणि ती टोचलेली मिठी. त्यांना एक छापील पत्र मिळालं. 'सेवा समाधानकारक.' त्यांनी ते वाचलं आणि नुसते हसले. त्यांच्या पत्नी जाऊन सहा वर्षं झाली, मूलबाळ नाही. इथली खोली सोडून ते सिल्लोडला पुतण्याकडं राहायला निघाले होते. पुतण्याची बायको नवीन. तिनं यांना दोनदा पाहिलेलं. सगळे फोटो काढत होते आणि भाऊसाहेब एकटेच कोपऱ्यात उभे राहून इकडंतिकडं बघत होते. मला कॉलेजचं गेट आठवलं. पाण्याची टाकी कुठं, हे त्यांना दाखवणारं कुणी नव्हतं.

मी शेडमध्ये जाऊन मुलांच्या वहीचा कागद घेतला. लिहायला मला बराच वेळ लागला.

'भाऊसाहेब. चहा मागत नाहीत, द्यावा. एकटे जेवायला बसले तर निम्मंच जेवतात, कुणी तरी समोर बसावं. बोललं नाही तरी चालतं. शनिवारी अकरा वाजता अस्वस्थ होतात. तेव्हा घरातलं कोण कुठं गेलं ते त्यांना सांगावं, म्हणजे बरं वाटतं. झोपायच्या खोलीच्या खिडकीला एक घुंगरू बांधावं. कारण विचारू नये.'

खाली माझं नाव आणि दीपालीच्या मोबाईलचा नंबर टाकला. मग त्यांच्याच टेबलावरची एक टाचणी घेऊन ती चिठ्ठी त्या समाधानकारक पत्राला मागून लावली आणि पिशवीत ठेवली.

पंधरा दिवस काहीच कळलं नाही. मला वाटलं, त्यांनी काढून टाकली असेल. माझ्यासारखीच. हळदीच्या डब्यात नाही, पण कुठं तरी.

मागच्या शनिवारी दीपालीचा मोबाईल वाजला. अकराला पाच-दहा मिनिटं होती. पुतण्याची बायको बोलत होती. म्हणाली, "ताई, काकांनी चिठ्ठी दिलीच नव्हती हो. खिशात घडी करून ठेवलेली. शर्ट धुताना टाचणी टोचली तवा सापडली. मी वाचली आन परत तिथंच ठेवली. अजून काय खोड असंल तर सांगा."

तिच्या मागं काही तरी बारीक वाजत होतं. वारं असावं. वाजायचं, थांबायचं, परत वाजायचं.

मग तिनं फोन दिला असावा, कारण एकदम तोच आवाज आला. नमस्कार-चमत्कार काही नाही.

"कलाबाई?"

ते थांबले. चार वेळा थांबायची त्यांची तयारी होती, मला ठाऊक होतं.

"हजर," मी मोठ्यानं म्हणाले.